वाचकांचे प्रश्न: टार्गेट ठरवताना सगळ्यांना विचारायचं का?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, तुमच्याकडं कामाचं टार्गेट कोण ठरवतं आणि ठरवताना तुम्हाला कुणी विचारतं का. उत्तरं भरपूर आली, मेलवर आली, व्हॉट्सॲपवर आली, एका काकांनी तर चांगलं लांबलचक पत्र पोस्टानं पाठवलं. निम्म्यांचं म्हणणं आम्हाला कुणी विचारतच नाही, आणि उरलेले जे साहेब लोक आहेत त्यांचं म्हणणं विचारलं तरी कुणी तोंड उघडत नाही. दोन्ही बाजूची माणसं एकाच कंपनीतली असावीत अशी मला शंका आहे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच प्रश्न निवडलेत. नावं कुणाचीच छापत नाही, नोकरीचा प्रश्न आहे.

ताई नमस्कार. मी वाळूजला एका व्हेंडर कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर आहे, दुचाकीचे शीटमेटलचे पार्ट करतो आम्ही. आमचे प्लांट हेड कुठलं तरी ट्रेनिंग करून आले आणि म्हणाले आता टार्गेट ऑपरेटरला विचारून ठरवायचं. घेतली मी मीटिंग. तर जी पोरं रोज शिफ्टला अठराशे पार्ट काढतात तीच म्हणायलेत की साहेब पंधराशेच जमतील. सगळ्यांचं एकमत, जणू चहाच्या टपरीवर ठरवूनच आले. वरून फर्स्ट शिफ्ट आणि सेकंड शिफ्ट एकमेकांवर ढकलतात ते तसंच चालूय. लोकांना विचारलं की ते आकडा कमीच सांगणार ना? मग विचारायचं कामून?
— एक सुपरवायझर, वाळूज

भाऊ, पोरं ठरवूनच आली असणार, त्यात नवल काय. मला आधी एक सांगा, मागच्या वर्षभरात कुणी जोर लावून टार्गेटच्या वर शंभर-दीडशे पार्ट काढले तर पुढच्या महिन्यात काय झालं? बहुतेक शॉपमध्ये होतं ते असं, साहेब शाबासकी देतात, चहा पाजतात आणि एक तारखेला तोच वाढीव आकडा बोर्डावर टार्गेट म्हणून लागतो. हे दोनदा झालं की तिसऱ्यांदा ऑपरेटर हात राखूनच मशीन चालवतो, त्याला आळशी म्हणायचं तर म्हणा, मला तर तो हिशोबी वाटतो. तुम्ही विचारलंत "किती जमतील" आणि त्यांना ऐकू आलं "अजून किती लादू". म्हणून पंधराशे. मी असते तर चौदाशे म्हणाले असते.

तेव्हा पहिलं काम हे करा, प्लांट हेडकडून शब्द घ्या की जो आकडा ठरेल तो सहा महिने हलणार नाही, कुणी त्याच्या वर गेलं तरी हलणार नाही, नवीन डाय (पार्टला आकार देणारा साचा) किंवा नवीन मशीन आली तरच परत बसायचं. हा शब्द मिळत नसेल तर मीटिंगच्या भानगडीत पडूच नका, उगाच पोरांचा तासभर जाईल आणि तुमचा मान जाईल.

आता लोक कमीच सांगणार हे जे तुम्ही म्हणता ते सरसकट खरं नाही. गॅरी लेथम आणि गॅरी युकल या दोन संशोधकांनी अमेरिकेत लाकूडतोड टोळ्यांवर अभ्यास केला होता, १९७५ मध्ये तो छापून आला. कमी शिकलेली माणसं, अंगमेहनतीचं काम, आपल्या ऊसतोडीच्या टोळ्या असतात तशाच. काही टोळ्यांना आकडा वरून दिला, काहींना बसवून त्यांच्याशी बोलून ठरवला. तर बोलून ठरवलेले आकडे वरून दिलेल्यांपेक्षा चढे निघाले आणि ते गाठलेही जास्त वेळा. म्हणजे भीती नसेल तर माणूस स्वतःला कमी लेखत नाही, उलट चारचौघांत जरा जास्तच बोलून जातो.

त्याच्याही आधीचं एक उदाहरण आहे, मॅनेजमेंट शिकवणारे सगळे ते देतात पण निम्मंच सांगतात म्हणून मी जरा सविस्तर सांगते. व्हर्जिनिया राज्यात मॅरियन म्हणून गाव आहे, तिथं हारवूड नावाची पायजमे शिवायची फॅक्टरी होती, कामाला बहुतेक बायका, पीस रेटवर. काम जरासं बदललं की उत्पादन पडायचं, तक्रारी वाढायच्या, बायका नोकरी सोडून जायच्या. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथं प्रयोग केला, १९४८ मध्ये तो छापून आला. बदल काय होता, तर एका गटातल्या इस्त्रीवाल्या बायका आधी पायजमे पुठ्ठ्यावर रचायच्या ते आता खोक्यात रचायचे. बस, एवढंच. त्या गटाला बोलावून सांगून टाकलं की आजपासून असं करायचं आणि हा नवीन रेट. चाळीस दिवसांत त्यातल्या १७ टक्के बायका सोडून गेल्या आणि राहिलेल्यांचं उत्पादन काही वर येईना. दुसऱ्या दोन गटांना मात्र सगळ्यांना एकत्र बसवलं, खर्च का कमी करायचाय ते माल समोर ठेवून दाखवलं, कुठं काय वाचवता येईल ते त्यांच्याकडूनच काढून घेतलं. ते गट लवकर सावरले आणि आधीपेक्षा १४ टक्क्यांच्या आसपास वर गेले, सोडून कुणी गेलं नाही. आणि जे सहसा कुणी सांगत नाही ते हे, की पहिल्या गटातल्या उरलेल्या बायकांनाच अडीच महिन्यांनी परत नवं काम दिलं, या खेपेला बसवून विचारून, आणि त्याच बायका भराभर वर गेल्या. बायका त्याच होत्या हे लक्षात घ्या, कारण आपल्याकडं पहिलं वाक्य हेच असतं की आमची माणसंच तशी आहेत.

त्या दोन गटांना विचारलं काय होतं ते बघा, काम कसं सुधारेल हे विचारलं होतं. तुम्हीपण पुढच्या मीटिंगमध्ये आकडा काढूच नका, एवढंच विचारा की काल मशीन कशाकशानं थांबलं. मग बघा कशी तोंडं उघडतात. मी अशाच एका प्रेस शॉपमध्ये बसले होते तेव्हा डाय चेंजवर विषय गेला. कागदावर डाय चेंज पाऊण तासाचा, प्रत्यक्षात दीड तास जायचा. का, तर जड डाय उचलायची गाडी, स्टॅकर, एकच आणि तो त्या वेळी डिस्पॅचला अडकलेला, क्लॅम्पचे बोल्ट तीन साइझचे त्यामुळं पाना शोधत फिरायचं, आणि सगळं बसवून पहिला पीस काढला की क्वालिटीवाला जेवायला गेलेला, तो येऊन ओके देईपर्यंत सगळे हातावर हात ठेवून. यातलं एकही मॅनेजरच्या रिपोर्टमध्ये नव्हतं. बोल्ट एका साइझचे करायला किती खर्च येतो हो? ते झालं, क्वालिटीच्या जेवणाची वेळ बदलली, आणि मग एक ऑपरेटर आपणहून म्हणाला की आता दोन हजाराला हरकत नाही. आकडा तिथून आला.

आता शिफ्टच्या भांडणाचं. तुमच्याकडं प्रत्येक शिफ्टचं टार्गेट वेगळं लिहिलेलं असणार, बरोबर ना? मग फर्स्ट शिफ्टवाला काय करणार, डाय चेंज ठेवून देणार सेकंड शिफ्टच्या गळ्यात, तीन वाजेपर्यंत सोपा पार्ट काढत राहणार, आणि जाताना खराब पार्ट भरलेल्या बिनची खबर पण नीट देणार नाही. त्याचा बोर्ड हिरवा, याचा लाल. टेरेन्स मिचेल आणि विल्यम सिल्व्हर या संशोधकांनी एका प्रयोगात, जो १९९० मध्ये छापून आला, तिघातिघांना मिळून मनोरा रचायला लावला होता. ज्या तिघांना प्रत्येकाचं वेगळं टार्गेट दिलं ते एकमेकांना मदत करायच्या ऐवजी एकमेकांच्या आधी आपलं लावायला गेले, आणि त्यांची कामगिरी बाकी सगळ्यांपेक्षा वाईट झाली. तेव्हा दोन्ही शिफ्टचा मिळून एक आकडा ठेवा, अख्ख्या दिवसाचा, आणि तो ठरवायला दोन्हीकडची दोन-दोन माणसं शिफ्ट बदलायच्या वेळी पंधरा मिनिटं मशीनजवळ उभी करा. कॉन्फरन्स हॉलमध्ये नको. तिथं एसी असतो आणि ठेकेदाराकडची पोरं तिथं खुर्चीवर बसायलाच लाजतात.

हो, आणि ठेकेदाराच्या पोरांना वगळू नका. निम्मं उत्पादन त्यांच्याच हातातून जातं.

ताई, आमचा बचत गट वसमत तालुक्यात आहे, अकरा जणी आहोत, हळद पावडर करून विकतो. आमच्या अध्यक्षबाई शिकलेल्या आहेत, त्यांनी बैठकीत विचारलं की मुंबईच्या प्रदर्शनासाठी दोन क्विंटल पावडर करायची का, सगळ्या हो म्हणल्या. आता कामाला चौघीच येतात. बाकीच्या येतो म्हणतात अन् येत नाहीत. ज्या येतात त्यांचं डोकं फिरायलंय, गट फुटतो का काय असं झालंय. सगळ्यांना विचारूनच ठरवलं होतं तरी असं का?
— गटाची सचिव, वसमत

ताई, "करायची का" असं विचारल्यावर हो शिवाय दुसरं कोण काय बोलणार? बैठकीत अध्यक्षबाई खुर्चीवर, बाकीच्या सतरंजीवर, त्यातल्या दोघी त्यांच्या भावकीतल्या, एकीनं त्यांच्याकडून हातउसने घेतलेले. अशा ठिकाणचं "हो" म्हणजे "तुम्ही म्हणता तर असेल". त्याला संमती धरून चालायचं नाही.

आणि मला वाटतं तुमच्यातल्या ज्या येत नाहीत त्यांची अडचण वेगळीच आहे. हळदीचा सीझन म्हणजे काढणी, शिजवणी, वाळवण, पॉलिश, सगळं उन्हाळ्याच्या तोंडाला येतं, आणि तेव्हाच गावात मजुरीला भाव असतो. ज्या बाईचं घर मजुरीवर चालतं ती रोजचे रोख पैसे सोडून गटाच्या पावडरीला कशी येईल, पावडरीचे पैसे तर प्रदर्शन होऊन हिशोब झाल्यावर. ज्या चौघी येतात त्यांच्या घरी शेत असेल किंवा नवऱ्याचा पगार असेल. बघा बरं एकदा असंच आहे का. हे असलं बैठकीत कुणी बोलून दाखवत नाही, लाज वाटते.

तर पुढच्या बैठकीत किलो विचारू नका, वेळ विचारा. आठवड्यात मला किती दिवस जमेल, सकाळी का दुपारी. आणि तोंडानं नको, चिंचोक्यांनी करा. दोन-तीन डबे ठेवा, प्रत्येक डब्यावर एकेक चित्र किंवा खूण काढा, म्हणजे जिला वाचता येत नाही तिची पण अडचण नाही. प्रत्येकीच्या हातात सात चिंचोके द्यायचे, जितके दिवस जमतील तितके सकाळच्या नाहीतर दुपारच्या डब्यात, बाकीचे तिसऱ्या डब्यात, आणि डबे पडद्याआड. मग सगळ्यांसमोर ओतून मोजा. कुणी किती टाकले ते कळत नाही पण गटाकडं एकूण किती दिवस हातात आहेत ते सगळ्यांना दिसतं, आणि किलोचा आकडा त्या दिवसांतून काढायचा. दोन क्विंटलच्या जागी सव्वा क्विंटल निघाला तर सव्वा. ओली हळद वाळून साधारण पाचवा हिस्सा राहते हे तुम्हाला मी काय सांगू, पण माल किती लागेल, दळायला कधी टाकायचा, हे हिशोब सगळ्यांसमोर फळ्यावर मांडा. अध्यक्षबाईंना मांडू देऊ नका, जिला सगळ्यात कमी बोलायची सवय आहे तिला हाताला धरून मांडायला लावा.

अध्यक्षबाईंना माझा निरोप सांगा, त्यांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. त्यांना राग येईल थोडा. येऊ द्या. बचत गटांच्या उमेद अभियानाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक आहे, नियमित अध्यक्षीय भाषण नाही.

आणि ज्या चौघी आजवर राबल्या त्यांची मजुरी आधी लावा, बाकी सगळं नंतर.

आम्ही औसा भागात शेतकरी उत्पादक कंपनी चालवतो. संचालक मंडळानं ठरवलं की यंदा सभासदांकडून एक हजार क्विंटल सोयाबीन घ्यायचं. गावोगाव सभा घेतल्या, सभासदांना विचारलं, केंद्र कुठं पाहिजे, कोणत्या तारखेपासून सुरू करायचं. सगळे उत्साहात होते. आणि माल आला तेव्हा निम्म्याच्या वर लोकांनी व्यापाऱ्याला घातला. शेअर आमच्याकडं आणि सोयाबीन तिकडं. सभासदांना सहभागी करून घ्या म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?
— एक संचालक, औसा

दादा, तुम्ही विचारलंत ते केंद्र कुठं आणि तारीख कोणती. जे सभासदाच्या खिशाशी संबंधित आहे ते एकही विचारलं नाही. पैसे किती दिवसात, मॉइश्चर, म्हणजे दाण्यातला ओलावा, बारा टक्क्यांच्या वर लागलं तर काय, हमाली कुणाची, गाडीभाडं कुणाचं. नॉर्वेमध्ये एका बुटांच्या फॅक्टरीत वर सांगितलेल्या हारवूडसारखाच प्रयोग करून बघितला होता, १९६० मध्ये तो छापून आला, आणि तिथं उत्पादनात काहीच फरक पडला नाही. त्याचं एक कारण असं सांगतात की कामगारांना ज्या गोष्टींवर बोलायला दिलं त्या त्यांच्या दृष्टीनं फारशा महत्त्वाच्या नव्हत्या, रोज किती माल काढायचा हा आकडा तर चर्चेला नव्हताच. तुमचं तेच झालं.

सोयाबीन कधी निघतं? दसऱ्याच्या आसपास. पुढं दिवाळी, पुढं लगेच रब्बीची पेरणी, हरभऱ्याचं बियाणं, खत, मजुरांचे थकलेले पैसे. व्यापारी कडता लावतो म्हणजे वजनात काटतो, भाव पाडून मागतो, हे सभासदाला कळत नाही असं थोडंच आहे, पण तो संध्याकाळी नोटा हातावर ठेवतो. तुमच्याकडं चाळणी, मॉइश्चर मीटर, पावती, मग बँकेत पैसे कधी येतील ते सचिवाला विचारा. ओला माल असेल तर तुम्ही परत पाठवता, भाड्याचं दुहेरी नुकसान. हमीभाव २०२५-२६ ला ५३२८ रुपये जाहीर झाला खरा, पण पोराची फी पुढच्या आठवड्यात भरायचीय त्याला तो भाव आज उपयोगाचा नाही.

माझं म्हणणं असं, हजार हा आकडा संचालकांनी बसून काढला तो बाजूला ठेवा. ऑगस्टमध्ये, शेंगा भरायच्या वेळेला, प्रत्येक गावात दहा-दहा सभासदांचे गट करून बसा, मोठी सभा नको, मोठ्या सभेत तेच तिघे बोलतात. प्रत्येकाला एवढंच विचारायचं, तुमच्या मालातला किती माल लगेच विकल्याशिवाय गत्यंतर नाही आणि किती थांबू शकतो. लगेचचा भाग व्यापाऱ्याला जाणारच, जाऊ द्या, त्यावरून कुणाला टोमणे मारू नका. थांबू शकणाऱ्या मालाची बेरीज म्हणजे तुमचं टार्गेट, आणि त्याला लागणारे नियम त्या गटांनीच ठरवायचे. थोडा पैसा उचल म्हणून देता येतो का ते तुमच्या खात्यावर काय आहे ते उघडं दाखवून बोला. कंपनीत किती पैसा आहे, गोदामाचं भाडं किती, हे सभासदांना न सांगता टार्गेटवर मात्र मत मागायचं, असं कसं जमेल? काही गटांत तुम्हाला न आवडणारं ऐकायला मिळेल, म्हणजे संचालकांपैकीच कुणाचा माल कुठं गेला वगैरे. त्याची तयारी ठेवून जा.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. ताई, तुमचं हे विचारून ठरवायचं आम्हाला कसं लागू होणार? निपुण भारतचं टार्गेट दिल्लीहून आलेलं, तिसरीपर्यंत सगळ्या मुलांना समजून वाचता आलं पाहिजे आणि गणिताच्या मूलभूत गोष्टी आल्या पाहिजेत, २०२६-२७ पर्यंत. केंद्रप्रमुख येतात, वाचून दाखवतात, सह्या घेतात. आमच्या शाळेतली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जातात. आम्ही चौघं शिक्षक एकमेकांच्या वर्गाकडं बोट दाखवत बसतो.
— एक शिक्षक

सर, दिल्लीचा आकडा तुम्ही बदलू शकत नाही, आणि बदलू शकतो असं नाटक करत बसण्यात अर्थ पण नाही. पण एक ध्यानात घ्या. याच विषयावर गॅरी लेथम आणि इस्रायलच्या मिरियम एरेझ यांचा मोठा वाद होता, लेथम, म्हणजे वर लाकूडतोडीत आला तोच, त्याच्या पुढच्या प्रयोगांवरून म्हणायचा विचारून ठरवलं काय आणि वरून दिलं काय फरक पडत नाही, एरेझ म्हणायची खूप पडतो, आणि दोघांकडं आपापले प्रयोग. शेवटी याच विषयातले संशोधक एडविन लॉक यांना मध्ये घालून दोघांनी मिळून प्रयोग केले, १९८८ ला ते प्रसिद्ध झाले. निघालं काय, तर लेथम वरून आकडा देताना कारण सांगायचा, समजावून सांगायचा, आणि एरेझच्या प्रयोगात नुसतं हे करा म्हणून सांगितलेलं. कारण सांगून दिलेला आकडा विचारून ठरवलेल्या आकड्याच्या जवळपास चालतो, कोरडा हुकूम चालत नाही. भांडण मिटवायची ही पद्धत आपल्याकडं पण यावी असं मला फार वाटतं, पण तो वेगळा विषय.

तुमचे केंद्रप्रमुख सह्या घेतात, कारण सांगत नाहीत. ठीक आहे, ते काम मुख्याध्यापकांनी करावं. आणि चौघांनी बसून ठरवायचं ते हे, की जी पोरं कोयत्यामागं जाणार आहेत त्यांचं वर्ष जून ते दिवाळी एवढंच आहे. म्हणजे पहिले साडेचार-पाच महिने त्या पोरांवर जास्त वेळ, मग भले बाकीच्यांना थोडं थांबावं लागलं तरी. कोण कुठल्या पोराला घेणार ते इयत्तेवर न ठरवता वाचनाच्या पातळीवर ठरवा, तिसरीतलं अक्षरं ओळखायला अडणारं पोरगं पहिलीच्या बाईंकडं रोज तासभर बसलं तर काही बिघडत नाही. एकदा पोरं चौघांची झाली की बोट दाखवायला वर्गच उरत नाही. गावात हंगामी वसतिगृह चालू होणार असेल तर आईबापांशी बोलायला दिवाळीची वाट बघू नका, मुकादमाची उचल घेतली की त्यांचं जायचं ठरलेलंच असतं, पोरगं आजीपाशी ठेवायचं का ते पण त्याच वेळेला ठरतं. गणपतीच्या आधी जाऊन बसा त्यांच्या ओट्यावर. आणि हा आराखडा कागदावर लिहून केंद्रप्रमुखांना द्या, त्यांनी सही मागितली की तुम्ही पण त्यांची सही मागा.

मॅडम, आमच्या टीम लीडरनं ग्रुपवर पोल टाकला, पुढच्या महिन्याचं टार्गेट १००, १२० की १५०. आम्ही सगळ्यांनी १०० ला टिक केलं. त्यानं १५० फिक्स केलं आणि वर लिहिलं, टीमसोबत चर्चा करून ठरवलेलं टार्गेट. याला सहभाग म्हणायचं का?
— नांदेड

नाही म्हणायचं.

तुमच्या लीडरला बहुतेक १५० वरूनच आलेलं होतं, आणि ते सरळ सांगायला त्याची जीभ रेटली नाही. सरळ सांगितलं असतं की बाबांनो आकडा आलाय, हा काही माझ्या हातात नाही, पण गाठायचा कसा, कुणाला कोणता एरिया, कुणाची सुट्टी कधी, हे आपण ठरवू, तर तुम्ही चार शिव्या वरच्याला दिल्या असत्या आणि कामाला लागला असता. आता शिव्या त्याला आहेत आणि पुढचे चार पोल तुम्ही न वाचता टिक करणार. त्याला एकट्याला गाठून, ग्रुपवर नाही, विचारा की पोल टाकताना यातलं नक्की काय बदलायची मुभा होती. उत्तर देताना अडखळला तर समजून घ्या, आणि पुढच्या वेळेला सगळ्यांनी मिळून १५० लाच टिक करा. बघू तो २०० म्हणतो का.